दोन तुकड्यांच्या प्रोपेलर शाफ्टचं सेंटर बेअरिंग बदलायचंय, काय काय सांभाळू?

मागची_चाकं

मंडळी, गाडी मागच्या चाकांवर चालणारी, इंजिन पुढे, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या अ‍ॅक्सलला नेणारा) दोन तुकड्यांचा. पुढचं टोक गिअरबॉक्सच्या शेपटीत सरकत्या स्लिप योकने शिरतं, मागचं टोक डिफरन्शियलच्या फ्लँजला (बोल्टांच्या चकतीला) चार बोल्टांनी लागतं. सेंटर बेअरिंगच्या लगेच मागे आणखी एक चार बोल्टांचा फ्लँज आहे. हा मधला फ्लँज पुढच्या नळीच्या टोकावर स्प्लाइनमध्ये (लांबट दातांच्या खाचांत) बसतो आणि त्याला मोठा नट आहे.

लक्षणं अशी: पहिल्या गिअरला क्लच सोडला की ताशी १० ते २५ किमीच्या दरम्यान सीटखाली दडदड होते, मग थांबते. ५० च्या पुढे घुंग असा आवाज सुरू होतो आणि वेगाबरोबर चढत जातो. गाडी पळत असताना न्यूट्रल केली तरी तो जात नाही. खालून पाहिलं तर बेअरिंगभोवतीचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलंय. शाफ्ट हाताने उचलला की सेंटिमीटरभर वर येतो.

रबर आणि ब्रॅकेटसकट नवीन बेअरिंग आणून ठेवलंय. विचारायचंय ते हे:

१. अख्खा शाफ्ट उतरवायचा की पुढचा तुकडा जागेवर ठेवून जमतं?
२. खुणा नेमक्या कुठे कुठे करायच्या?
३. प्रेस नाही. हातोडा आणि पाइप वापरून बेअरिंग बसवलं तर चालेल का?
४. ब्रॅकेटची भोकं लांबट आहेत, पुढे-मागे सरकतात. बेअरिंग कुठे पक्कं करायचं?
५. ब्रॅकेट आणि क्रॉसमेंबर यांच्यामध्ये दोन पातळ पट्ट्या दिसतायत. त्या कशासाठी असतात?


टॉर्करेंच

पाचव्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण काम तिथेच जास्त वेळा बिघडतं. त्या पट्ट्या म्हणजे शिम. मधल्या युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टला कोनात वाकून फिरू देणाऱ्या सांध्याचा) कोन त्यांच्यावर ठरलेला असतो. ब्रॅकेट सोडताना डावीकडून किती निघाल्या, उजवीकडून किती, जाडी किती, हे लिहून ठेवा आणि जशाच्या तशा परत घाला.

आता निदान. तुमच्याकडे दोन वेगवेगळे बिघाड एकत्र आहेत. सुटतानाची दडदड रबराची आहे. जोर लागला की मागचा अ‍ॅक्सल थोडा पिळतो, पिनियनचं (शाफ्ट ज्याला लागतो त्या डिफरन्शियलच्या दातेरी दांड्याचं) नाक वर उठतं आणि जॉइंटचा कोन वाढतो. कोनात वाकलेला युनिव्हर्सल जॉइंट टॉर्क देताना शाफ्टला प्रत्येक फेऱ्यात दोनदा बाजूला ढकलतो. चांगलं रबर हा धक्का पचवतं. फाटलेलं रबर शाफ्टला नाचू देतं. वेग वाढून जोर कमी झाला की नाच थांबतो. घुंग आवाज मात्र छर्ऱ्यांचा. तो शाफ्टच्या फेऱ्यांबरोबर चढतो, म्हणून न्यूट्रलमध्येही राहतो. चाकाच्या बेअरिंगचा आवाज बहुधा डावी-उजवी वळणं घेताना बदलतो, सेंटर बेअरिंगचा बदलत नाही. मोकळ्या रस्त्यावर एवढं एकदा तपासून घ्या.

तपासणीसाठी गाडी उचलून, चाकं लोंबकळत ठेवून गिअरमध्ये पळवू नका. अ‍ॅक्सल लटकला की सगळे कोन बदलतात, आणि चांगला शाफ्टही धडधडतो.

अख्खा शाफ्ट उतरवा. मधला नट सोडायचा तर पुढचा तुकडा वाइसवर हवाच. एक गोष्ट आधी लक्षात घ्या: शाफ्ट निघाला की गाडीला गिअरची अडवणूक उरत नाही, ऑटोमॅटिकचं ‘पी’ही काम करत नाही. काही गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम गिअरबॉक्सच्या मागे, शाफ्टवरच असतो. तिथे शाफ्ट सोडताक्षणी हँडब्रेकही गेला. म्हणून सपाट जागा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, आणि गाडी जॅक स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही.

खुणा तीन ठिकाणी. डिफरन्शियलचा फ्लँज आणि शाफ्टचा फ्लँज, मधल्या फ्लँजच्या दोन्ही बाजू, आणि मधला फ्लँज व तो ज्या स्प्लाइनवर बसतो त्या टोकाच्या कडेवर. ही तिसरी खूण बहुतेक जण विसरतात. खडू किंवा मार्कर नको, डिग्रीझर लागला की पुसला जातो. सेंटर पंचने बारीक ठिपके मारा: पहिल्या जोडीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. पंच फ्लँजच्या कडेवर मारायचा. नळीवर कधीच नाही.

सोडताना आधी मागचे चार बोल्ट. हँडब्रेक ओढून ढिले करा, मग हँडब्रेक सोडून, न्यूट्रल करून शाफ्ट फिरवा, पुढचा बोल्ट समोर आणा. मागचं टोक सुटलं की ते लोंबकळू देऊ नका, तारेने बॉडीला बांधा. जॉइंट त्याच्या शेवटच्या कोनापर्यंत वाकून लटकला तर कपांच्या सीलला दुखापत होते. मग मधले चार बोल्ट सोडून मागचा तुकडा काढून घ्या. नंतर एका हाताने आधार देत ब्रॅकेटचे दोन बोल्ट, आणि पुढचा तुकडा मागे ओढून गिअरबॉक्समधून बाहेर. तिथून तेल येणार. गाडीचं मागचं टोक थोडं उंच ठेवलं तर कमी येतं. भोकात जुना योक किंवा घट्ट बोळा बसवा, आणि शेवटी गिअर ऑइलची पातळी बघायला विसरू नका. योक ज्यावर घासतो ते सील पाझरत असेल तर आत्ताच बदला.


टॉर्करेंच

पुढचा भाग, वाइसवरचा.

नळी वाइसमध्ये आवळू नका. ही नळी पातळ पत्र्याची असते. तिला पोचा पडला की बॅलन्स गेला आणि ताकदही गेली. फ्लँज किंवा योक धरा, जबड्यांना अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या लावून.

नटाची कडा स्प्लाइनच्या खाचेत ठोकून बसवलेली असते. ती आधी बारीक छिन्नीने उचला, नाहीतर नट निघताना आटे खरवडत येतो. फ्लँज फिरू नये म्हणून दोन भोकांत बोल्ट घालून एक लांब पट्टी अडकवा आणि मग पाना लावा. पट्टीऐवजी युनिव्हर्सल जॉइंटमध्ये टॉमी (लोखंडी दांडा) घालून अडवायचा मोह होतो, पण त्याने क्रॉसच्या (जॉइंटमधल्या अधिक चिन्हासारख्या तुकड्याच्या) बेअरिंगच्या सुया चेपतात. काढलेला नट परत वापरायचा नाही.

फ्लँज पुलरने काढा. मग बेअरिंग. रबराला किंवा ब्रॅकेटला धरून ओढलं तर रबर फाटून हातात येतं आणि आतली रेस (बेअरिंगचं आतलं कडं) शाफ्टवरच राहते. पुलरची पाती आतल्या रेसच्या मागे गेली पाहिजेत. रेस राहिलीच, तर ग्राइंडरने एका जागी तिच्या जाडीच्या पाऊण भागापर्यंत चीर पाडा आणि चिरेत छिन्नी ठेवून एक फटका द्या. ती तडकून सैल होते. आरपार कापलं तर शाफ्टवर खाच पडते. डोळ्यांना चष्मा हवाच. कडक पोलादाची कपची उडते ती गोळीसारखी.

बैठक स्वच्छ करताना गंज तेवढा ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने काढा, धातू घासू नका. नवीन बेअरिंग नुसत्या हाताने सरकून बसत असेल तर बैठक झिजली आहे. पंचचे ठिपके मारून ती ‘फुगवणं’ हा उपाय नाही. ठिपक्यांची टोकं काही दिवसांत दबतात आणि आतली रेस शाफ्टवर फिरायला लागते. मग शाफ्ट तरी बदला, नाहीतर बैठक भरून ग्राइंड करून घ्या.

हातोडा चालेल का? चालेल, एका अटीवर. घाव फक्त आतल्या रेसवर. बेअरिंगच्या आतल्या भोकाहून जेमतेम मोठा, तोंड सरळ कापलेला पाइप घ्या. तो बाहेरच्या रेसला किंवा सीलला लागता कामा नये. बाहेरच्या रेसवर मारलं की सगळा घाव छर्ऱ्यांतून आत जातो, रेसवर खळगे पडतात आणि नवीन बेअरिंग पहिल्याच दिवशी घरघरतं. ‘नवीन माल खराब निघाला’ म्हणून जी तक्रार होते, तिच्यातला बराच भाग हाच असतो. बैठकीला तेलाचा हात लावा, पाइप सरळ धरा, दोन-दोन घावांनंतर बेअरिंग तिरकं तर होत नाही ना ते पाहा. ज्योतीने गरम करू नका. सीलबंद बेअरिंगचं ग्रीस आणि भोवतीचं रबर दोन्ही जळतात.

बेअरिंगच्या पुढे-मागे धूळ अडवणाऱ्या पत्र्याच्या चकत्या असतील. त्या कोणत्या बाजूला कशा होत्या त्याचा फोटो काढून ठेवा. त्या उलट्या बसल्या तर ब्रॅकेटला घासतात, राहून गेल्या तर चिखल थेट सीलवर. काही बेअरिंगांच्या रबरात एका बाजूला खाच किंवा बाण असतो. जुन्यावर तो जिकडे होता तिकडेच ठेवा.


सहा_शून्य_सहा

एवढं सगळं कशाला? बऱ्याच शाफ्टांत आत साधं ६००६ बेअरिंग असतं, ३० बाय ५५ बाय १३. जुन्या रबरातून ते ठोकून काढा, नवीन दाबा. अर्धं काम वाचतं.


सर्क्लिप

बेअरिंग ६००६ असेलही, काही ठिकाणी ६२०६ असतं, काही ठिकाणी ६००७. पण धागाकर्त्याचं रबर अर्ध्याहून जास्त फाटलंय. त्यात नवं बेअरिंग दाबून घुंग जाईल, दडदड राहील. शिवाय पुष्कळ गाड्यांत बेअरिंग रबरालाच चिकटवलेलं असतं, ते ठोकून काढताना उरलंसुरलं रबरही सुटतं.

रबर ठणठणीत असून फक्त छर्रे गेले असतील, असं क्वचित होतं, तर सुटं बेअरिंग घालायला हरकत नाही. तेव्हा क्रमांकाबरोबर दोन गोष्टी बघा. दोन्ही बाजूंना रबरी सील हवं. पत्र्याचं झाकण गाडीखालच्या पाण्यापुढे टिकत नाही. आणि क्लिअरन्स सी३, म्हणजे छर्ऱ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक. आतली रेस शाफ्टवर दाबून बसते तेव्हा ती किंचित फुगते आणि छर्ऱ्यांची मोकळीक कमी होते. वरून शाफ्टची उष्णता. साध्या क्लिअरन्सचं बेअरिंग अशा वेळी घट्ट होऊन तापतं.

नवीन पूर्ण किट घेतलं असेल तर ते जुन्याशेजारी ठेवून मोजा. भोकाचा व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही. ब्रॅकेटच्या बैठकीपासून बेअरिंगच्या मध्यापर्यंतची उंची मोजा, बोल्टांमधलं अंतर मोजा, आणि रबर अंगठ्याने दाबून पाहा. जुनं रबर लोंबलेलं असतं, त्यामुळे उंची त्याच्या भोकावरून न मोजता बाहेरच्या पत्र्याच्या कड्याच्या मध्यावरून काढा.


अर्धा_अंश

उंचीचा मुद्दा निघालाय म्हणून आकड्यांत सांगतो. समजा पुढची नळी ६०० मिमी, मागची ८०० मिमी, आणि नवीन ब्रॅकेटमुळे किंवा शिम न घातल्यामुळे बेअरिंग ५ मिमी सरकलं. पुढची नळी सुमारे ०.४८ अंशाने कलते, मागची ०.३६ अंशाने, आणि दोन्ही उलट दिशांना. म्हणजे मधल्या जॉइंटचा कोन ०.८४ अंशाने बदलला. पाच मिलिमीटरला जवळजवळ एक अंश!

हे इतकं महत्त्वाचं का? युनिव्हर्सल जॉइंट कोनात असला की एका फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो, दोनदा कमी करतो. ३ अंशांना हा चढउतार ०.१४ टक्के, १० अंशांना दीड टक्का. मागच्या नळीच्या दोन टोकांचे जॉइंट एकमेकांचा चढउतार खोडून काढतात, पण दोघांचे कोन सारखे असतील तरच. ढोबळ नियम असा की प्रत्येक जॉइंटचा कोन ३ अंशांच्या आत, जोडीतला फरक १ अंशाच्या आत, आणि कोणताही कोन शून्य नको. किमान अर्धा अंश हवा. अगदी सरळ रेषेत असलेल्या जॉइंटमधल्या सुया जागच्या जागी राहतात आणि क्रॉसवर रेघा कोरतात.

मोजायला डिजिटल कोनमापक घ्या, ०.१ अंश दाखवणारा. मोबाइलही चालतो, पण तो नळीवर दरवेळी त्याच बाजूने ठेवा. गाडी चाकांवर उभी हवी किंवा अ‍ॅक्सलखाली स्टँड हवेत, म्हणजे स्प्रिंगवर नेहमीचा भार राहील. शाफ्ट उतरवण्याआधी पुढची नळी, मागची नळी आणि पिनियन फ्लँजचा कोन लिहून ठेवा. बसवल्यावर तेच आकडे आले पाहिजेत. स्प्रिंगा बदलून गाडी उंच केली असेल तर मात्र जुना आकडाही चुकीचा असू शकतो, तेव्हा वरच्या नियमाने जुळवा.


मागची_चाकं

सगळ्यांचे आभार. शाफ्ट उतरवला. डाव्या-उजव्या बाजूला एकेक शिम, दोन्ही ३ मिमी. फ्लँजच्या दोन्ही जोड्यांवर पंच मारला होता, पण तिसरी खूण राहिली. प्रतिसाद वाचेपर्यंत मधला फ्लँज स्प्लाइनवरून निघाला होता. आता तो कोणत्या दातावर होता ते कळत नाही. शिवाय मॅन्युअलमध्ये नटाला दोन वेगळे टॉर्क दिलेत, आधी मोठा, मग लहान. छपाईची चूक आहे का?


टॉर्करेंच

चूक नाही, क्रमच तसा आहे. टोयोटाच्या काही गाड्यांत पहिल्यांदा १८१ न्यूटन मीटर, मग नट पूर्ण सैल, मग ६९ न्यूटन मीटर. पहिल्या आवळणीने फ्लँज, बेअरिंगची आतली रेस आणि शाफ्टचा खांदा एकमेकांना घट्ट भिडतात. शेवटची आवळणी ते धरून ठेवण्यापुरती. थेट लहान टॉर्क दिला तर रेस खांद्यापासून केसभर दूर राहते, गाडी चालल्यावर सरकते आणि नट ढिला पडतो. मोठ्या टॉर्कवरच सोडून दिलं तर आटे आणि रेस दोन्ही विनाकारण ताणात राहतात. तुमच्या गाडीचे आकडे तुमच्या मॅन्युअलचेच घ्या. शेवटी नटाची कडा बोथट पंचने खाचेत ठोका. धारदार छिन्नीने कडा चिरते.

हरवलेल्या खुणेबद्दल फार घाबरू नका. मागच्या नळीचे दोन्ही योक वेल्ड केलेले आहेत, त्यामुळे चढउतार खोडणारी मुख्य जोडी शाबूत आहे. पुढचा तुकडा गिअरबॉक्सच्या जवळजवळ सरळ रेषेत असतो, म्हणून पहिल्या जॉइंटचा वाटा लहान. ज्यांच्या मागच्या नळीत सरकती स्प्लाइन असते त्यांचं मात्र अवघड. १६ दातांच्या स्प्लाइनवर एक दात चुकला म्हणजे २२.५ अंश फरक, आणि दोन योक एका पातळीत राहत नाहीत. ती गाडी कुठल्याही वेगाला गुणगुणत राहते.

आधी शोधा. स्प्लाइनमध्ये एखादा दात गाळलेला किंवा जाड असेल तर फ्लँज एकाच जागी बसेल, प्रश्न मिटला. नसेल तर दोन्हीकडे कारखान्यातला रंगाचा ठिपका आहे का बघा, ग्रीस पुसून, तिरप्या उजेडात. तोही नसेल तर मॅन्युअलच्या चित्रात पुढच्या योकचे कान आणि मधल्या फ्लँजची भोकं यांची मांडणी दाखवलेली असते, ती धरा.


सर्क्लिप

त्यात भर. चित्राप्रमाणे बसवल्यावर दोनच शक्यता उरतात: आहे ती जागा, किंवा १८० अंश उलटी. १८० ने योकांची मांडणी बदलत नाही, फक्त बॅलन्स बदलतो. ९० ने फिरवू नका, त्याने मांडणीच बदलते. एका जागी थरथर जाणवली तर मधले चार बोल्ट सोडून मागचा तुकडा अर्धा फेरा फिरवून लावा आणि पुन्हा चालवा. दोन्ही जागी थरथर असेल तर शाफ्ट जोडलेल्या अवस्थेत बॅलन्सिंगला द्या. सुटे तुकडे वेगवेगळे बॅलन्स करून भागत नाही.

शाफ्ट बाहेर आहे तोवर जॉइंट तपासून घ्या. क्रॉसला दोन्ही दिशांना हलवा. जराही खटखट असेल तर तो गेला. खटखट नसून मध्यावर येताच ‘कट्’ असा अडकला तरी गेलाच, कारण सुयांनी रेघ पाडली आहे. हा दुसरा प्रकार हमखास सुटून जातो. आणि नळीचा वाक: नळी दोन व्ही ब्लॉकवर ठेवून मध्ये डायल गेज लावा. मर्यादा गाडीगणिक वेगळी, साधारण ०.६ ते ०.८ मिमीच्या आसपास. वेल्ड केलेली बॅलन्सची वजनं जागेवर आहेत का तेही बघा. पडलेल्या वजनाच्या जागी वेल्डचे दोन ठिपके दिसतात.


टॉर्करेंच

राहिलेला चौथा प्रश्न, ब्रॅकेटची लांबट भोकं.

मागचा तुकडा खुणेवर लावा, फ्लँजचे बोल्ट पूर्ण टॉर्कने आवळा. बोल्ट मूळचेच किंवा त्याच प्रतीचे, बहुधा १०.९ (ताकदीची प्रत, डोक्यावर लिहिलेली). हाताशी आलेला साधा बोल्ट इथे नको, आणि पिचही (आट्यांमधलं अंतर) जुळवा. १० मिमीचा बोल्ट १.२५ पिचचाही येतो आणि १.५ चाही. ब्रॅकेटचे बोल्ट मात्र हातानेच लावून ठेवा, शिम जागेवर घालून. गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीन मीटर पुढे-मागे ढकला. स्लिप योक आपली जागा घेतो आणि ब्रॅकेट स्वतःहून जिथे ताण नाही तिथे सरकतो. आता पुढून आणि मागून बघा: रबराची घडी दोन्हीकडे सारखी हवी, बेअरिंग शाफ्टला काटकोनात हवं, शाफ्ट भोकाच्या मध्यात हवा. मग ब्रॅकेट आवळा. रबर एका बाजूला ताणलेलं राहिलं तर ते काही महिन्यांत पुन्हा फाटतं.

अपवाद आहे. बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांत ब्रॅकेट मुद्दाम ४ ते ६ मिमी पुढे ढकलून आवळायचं असतं. तिथे ताण हवा म्हणूनच रचना केलेली आहे. मॅन्युअलमध्ये असं काही लिहिलं नसेल तर रबर बिनताण.


चिखलवाट

थोडं अवांतर. पुढच्या चाकांच्या गाडीत उजव्या बाजूच्या लांब शाफ्टला इंजिनच्या मागे एक बेअरिंग असतं, त्यालाही हेच सगळं लागू होतं का?


सर्क्लिप

नाव सारखं असलं तरी काम वेगळं. तो मधला शाफ्ट चाकाच्या वेगानेच फिरतो, जॉइंटचे कोन इथे बेअरिंगवर अवलंबून नसतात, आणि रबरही बहुतेक ठिकाणी नसतं. बेअरिंग इंजिनला लावलेल्या ओतीव ब्रॅकेटमध्ये गच्च बसतं. डोकेदुखी गंजाची. बेअरिंगची बाहेरची रेस ब्रॅकेटला धरून बसते. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, आणि ब्रॅकेट सुटत नसेल तर ते इंजिनवरून सोडून शाफ्टसकट बाहेर काढा. जागेवर ठोकाठोकी केली तर ओतीव कान तुटतो. गिअरबॉक्सचं तेल आधी काढा, डिफरन्शियलचं सील आणि शाफ्टच्या टोकाची सर्क्लिप (खाचेत अडकणारी कडी) नवीन घाला, शाफ्ट आत घालताना स्प्लाइन सीलच्या ओठाला लागू देऊ नका. आतल्या रेसवरच दाब द्यायचा, हा नियम तिथेही तोच.


अर्धा_अंश

धागाकर्त्यासाठी, चाचणीबद्दल. थरथर राहिली तर तिचा वेग मोजा, त्यावरून कारण सापडतं. टायरचा घेर सुमारे २ मीटर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर ३.९ धरलं, तर ताशी ६० किमीला चाक सेकंदाला ८ फेरे घेतं आणि शाफ्ट ३२. थरथर सेकंदाला ८ ची असेल तर टायर किंवा रिम बघा, शाफ्टला हात लावू नका. ३२ ची असेल तर बॅलन्स, वाकलेली नळी किंवा फ्लँज नीट न बसणं. फ्लँजच्या तोंडावर गंजाचा एखादा कण अडकला तरी पुरतो. ६५ च्या आसपास असेल तर कोन किंवा योकांची मांडणी. कंपन मोजणारी मोबाइल अ‍ॅप हा आकडा दाखवतात, फोन सीटच्या रुळावर घट्ट दाबून धरायचा.

आणि फक्त सुटतानाच दडदड राहिली, पळताना गाडी गुळगुळीत असेल, तर बेअरिंग पुन्हा काढायला जाऊ नका. मागच्या स्प्रिंगांचे यू बोल्ट किंवा अ‍ॅक्सलच्या आर्मची रबरं ढिली आहेत का ते बघा, पिनियन गरजेपेक्षा जास्त उठत असेल.


मागची_चाकं

फ्लँज चित्राप्रमाणे बसवला, दोन टप्प्यांत टॉर्क दिला, शिम परत घातले. दडदड आणि घुंग दोन्ही गेले. ७० ते ८० मध्ये पायाखाली हलकी गुणगुण आहे, ती मोजून ६० च्या हिशोबात आणली तर ३२ च्या जवळ येते. म्हणजे आता १८० अंश?


सर्क्लिप

हो, मधले चार बोल्ट, अर्धा फेरा. त्याआधी दोन्ही फ्लँजची तोंडं वायर ब्रशने साफ करा. जुन्या खुणेचे ठिपके तसेच राहू द्या आणि नव्या जागेला वेगळी खूण करा, नाहीतर पुढच्या वेळी कुठली खरी ते कळणार नाही. शे-दोनशे किलोमीटर चालवून झाले की ब्रॅकेटचे आणि फ्लँजचे बोल्ट टॉर्क रेंचने एकदा परत तपासा.